नांगराला आलेले गवत

एकदा एक वृद्ध तांडेल आपल्या शिष्यासह गलबत घेऊन एका उपसागरात शिरला, तेव्हा दुपार कलली होती आणि नैर्ऋत्येकडचे आभाळ काळवंडत चालले होते. गलबतात एका व्यापाऱ्याची कौले भरलेली होती आणि व्यापारी स्वतः त्या कौलांवर बसून होता. सुकाणू मात्र त्या दिवशी शिष्याच्या हाती होते. बारा वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काढल्यावर ही त्याची पहिली खेप. ती नीट पार पडली, की यापुढे लोक त्यालाही तांडेल म्हणणार होते.

त्या उपसागराच्या तळाशी समुद्रगवताचे रान होते. मासळीची पिले त्याच गवतात वाढतात, म्हणून काठावरच्या कोळीवाड्याने ते पिढ्यान्‌पिढ्या राखले होते. नांगर टाकायचा तो वाळूत. चुकून गवत उपटलेच, तर ज्याच्या हाती गलबत असेल त्याने ते स्वतः नेऊन वाड्यातल्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवायचे. कोणी शिवीगाळ करीत नसे, पण त्या माणसाला पुढचे वर्षभर तांडेल म्हणून त्या पाण्यात येता येत नसे.

तळ पाहायचा, तर शिशाच्या गोळ्याच्या बुडाला मेण चोपडून तो दोरीने खाली सोडतात; तळाशी जे असेल ते मेणाला चिकटून वर येते. शिष्याने गोळा सोडला, वर घेतला. मेणावर वाळूचे चार कण होते आणि कडेला एक पुसट हिरवा डाग. त्याने कण पाहिले. डागही पाहिला होता, पण वारा वाढत होता. त्याने नांगर टाकला. पहिल्याच झटक्याला दोर ताठ झाला आणि गलबत जागच्या जागी थांबले.

व्यापाऱ्याने त्याची पाठ थोपटली. वृद्ध मात्र गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी आला, ताठ दोरावर त्याने तळवा ठेवला आणि ओढ अजमावली.

"काढ," तो म्हणाला.

"अहो म्हातारबा, बसलेला नांगर काढता?" व्यापारी म्हणाला. "जेवणाऱ्याच्या तोंडातला घासही काढाल तुम्ही!"

वादळ तोंडावर असताना लागलेला नांगर उचलायचा, हे शिष्याने कधी ऐकले नव्हते. तरी त्याने दोर ओढला. नांगर वर आला, तो ओंजळभर हिरव्या गवतासकट. मुळांना अजून चिखल लागलेला होता.

वृद्धाने गलबत थोडे पुढे घ्यायला लावले आणि गोळा सोडायला सांगितले. मेणाला निव्वळ वाळू आली, तरी त्याने पुन्हा सोडायला लावले. असे पाच वेळा. प्रत्येक वेळी तो मेण डोळ्यांजवळ नेऊन पाही. अखेर नांगर पडला. तो एक हात घसरला, दोन हात घसरला. व्यापारी देवाचे नाव घेऊ लागला. मग नांगर हळूहळू रुतत गेला आणि थांबला.

वारा दिवस मावळेपर्यंत झोडपत राहिला. गलबत हलले नाही.

वाऱ्याचा जोर ओसरल्यावर वृद्ध म्हणाला, "वाळूत नांगर आधी घसरतो, मग रुततो. गवतात तो लगेच अडकतो आणि माणसाला वाटते, काम झाले. पण जो आधार पहिल्याच झटक्याला मिळतो, तो बहुधा कोणाची तरी मुळे धरून असतो. ओढ वाढली की मुळे सुटतात. मग आधारही जातो आणि ज्याचा आधार घेतला तेही जाते."

फळ्यांवर ते गवत अजून ओले पडले होते. व्यापाऱ्याने ते पायाने कडेला सरकवले. "सोडून द्या पाण्यात. ओंजळभर तर आहे. वाड्यावरून कोणाला दिसतेय?"

शिष्याने वृद्धाकडे पाहिले.

"बाबा, तुम्ही काहीच बोलत नाही."

"कोणत्या तोंडाने बोलू? चाळीस वर्षांपूर्वी माझ्या नांगरालाही एवढेच आले होते. मी ते पाण्यात सोडले. कोणी पाहिले नाही, म्हणून पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच नांगर टाकला. त्याच्या पुढच्याही. आज आपण ज्या वाळूत सुखरूप उभे आहोत ना, ती तीच जागा."

शिष्याने विचारले, "म्हणजे इथे वाळू आहे, हे तुम्हाला ठाऊकच होते. मग पाच पाच वेळा तळ का पाहिलात?"

"दर खेपेला वाटते," वृद्ध म्हणाला, "आता तरी उगवले असेल."

सकाळी समुद्र निवला होता. शिष्याने डोक्याचे फडके सोडले, ते भिजवून त्यात गवत गुंडाळले आणि लहान होडी पाण्यात सोडली. व्यापाऱ्याने त्याला वर्षभराच्या बंदीची आठवण करून दिली. त्याने मान हलवली आणि वल्हे उचलले.

काठाच्या अर्ध्या वाटेवर त्याने मागे वळून पाहिले. नाळेपाशी म्हातारा एकटाच उभा होता आणि शिशाच्या गोळ्याला नवे मेण लावीत होता.