अभिनंदनच्या पिकअपचं डिझेल

“...इंजिन तेच, टाकी तीच, रस्ता बी तोच. मग डिझेल जातंय कुठं, वस्ताद?”

हिंदुराव वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून तांबडी माती चाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा अभिनंदन मगदूम. आमच्या तालमीतला सगळ्यात देखणा पैलवान, आणि हे आमच्यापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक. रोज पहाटे भाजी भरून पिकअप कोल्हापूरच्या मार्केटला न्यायची, येताना तालमीत उतरायचं, असा त्याचा क्रम.

मध्यंतरी त्यानं गाडीला मोठे टायर बसवले. उंच, रुंद, जड, चांगले बाहेर आलेले. गाडी वीतभर वर गेली आणि गडी त्याच्याही वर. खोटं कशाला बोलू, आम्हीही वळून वळून बघितलं. दिसतच होती तशी.

पण गाडी डिझेल प्यायला लागली. एका टाकीत होणाऱ्या खेपा होईनात. चढाला गिअर पाडावा लागू लागला. फिल्टर बदलून झाला, गळती कुठं सापडली नाही. डिझेलला लागलं ते दूध-बदामातून कापलं जाऊ लागलं. शेवटी वडिलांनी सांगितलं, गाडी तरी चालव नाहीतर कुस्ती तरी कर, दोन्ही झेपायचं नाही.

म्हणून तो आला होता. तालीम सोडतो म्हणाला. सांगताना आवाज घट्ट ठेवला होता, पण नजर मातीतच होती. मला तर रागच आला. पोरवयापासून वस्तादांनी ज्याला हाताखाली घेऊन घडवला, तो डिझेलपायी निघाला होता.

वस्तादांनी चाळण खाली ठेवली.

“टायर?”

टायरचा काय संबंध, असं अभिनंदननं लगेच सुनावलं. टायरवाल्यानं त्याला पढवून ठेवलं होतं. मोठं चाक कमी फेऱ्यांत जास्त अंतर तोडतं, मीटरला ते कळत नाही, मीटर किलोमीटर कमी दाखवतो, म्हणून ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं. बाकी काही नाही. हिशेब बिनचूक होता. आम्ही माना डोलावल्या.

“मार्केट लांब गेलंय?” वस्ताद म्हणाले.

“न्हाई.”

“मग टाकी काय मीटर बघून रिकामी हुती?”



वस्ताद उठले. खांद्यावरच्या पंच्यात माती भरली, पाणी शिंपडलं, गच्च गाठोडं केलं आणि अभिनंदनच्या कमरेला करकचून आवळलं. कोपऱ्यातलं त्याचं रोजचं लाकडी मुद्गल त्याच्या हातात दिलं आणि फिरव म्हणाले.

त्यानं फिरवलं. पाठीमागून खांद्यावर, खांद्यावरून पुढं. हसत हसत फिरवलं. कमरेला काही बांधलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

वस्तादांनी गाठोडं सोडलं. तेच गाठोडं मुद्गलाच्या जाड टोकाला बांधलं.

“आता.”

सुरुवातीच्या फेऱ्या निघाल्या. मग खांदा उचलेना. मुद्गल वर न्यायला जोर, आणि खाली येताना आवरायला पुन्हा जोर. कपाळाची शीर फुगली. वस्ताद थांब म्हणेनात आणि हा थांबेना. चिवट आहे, तेवढं त्याला द्यायलाच पाहिजे. दात आवळून फिरवत राहिला. घामानं लंगोटाची कड भिजली, पाय मातीत सरकायला लागले, तरी मूठ सुटली नाही.

अखेर मुद्गल जमिनीला टेकलं.

“लई जड झालं, वस्ताद.”

“कमरंला बी तीच माती हुती. आता फिरत्या टोकाला गेली, एवढंच.”

अभिनंदन त्या गाठोड्याकडं बघत राहिला. मग दाराबाहेर, गाडीच्या चाकांकडं...  

 जुने टायर घरी पडून आहेत म्हणाला. पण आता काढले तर अख्खं गाव हसेल, चौकातनं गाडी न्यायची कशी, हेही म्हणाला. एवढा दांडगा गडी, पण डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या.

वस्ताद पुन्हा आखाड्याच्या कडेला बसले. चाळण हातात घेतली.

“गावाचं मी इचारलं न्हाई, अभ्या... तू आज काय सोडाय आलतास, तेवढं परत एकदा सांग.”