कोणालाही विचारा

पाणथळाच्या मुलखात प्रत्येक जागेला आकडा होता. पूर्वी नावं होती, पण नावं असली की येणारे चौकशा करत आणि चौकशा केल्या की उत्तरं द्यावी लागत. तिथल्या रहिवाशांना शांतता प्रिय होती. म्हणून दलदलीचे तुकडे पाडण्यात आले, प्रत्येक तुकड्याच्या मधोमध एक खुंट ठोकण्यात आला आणि खुंटाला आकडा देण्यात आला. एकेका आकड्यात अनेक घरटी मावत. परक्या पाहुण्याला वेशीवरच काठीवर बसलेली एक साळुंकी मिळे. ती वाट सांगत सांगत त्याला त्याच्या खुंटापाशी नेऊन सोडी. साळुंक्यांना सगळे आकडे पाठ होते. त्यांनी कोणाचंही घर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना कधी शंका येत नसे.

थंडी सरता सरता या मुलखात एक म्हातारी कोंबडी आणि तिचा कोंबडा आले. ते कोरड्या मुलखातले. तिकडचे पत्ते लांबलचक असत. कोंबडीचा स्वतःचा पत्ता होता: चिंचेखालून आत, उकिरडा ओलांडून, मोडक्या टोपलीपाशी, कोणालाही विचारा. ही शेवटची ओळ तिकडच्या प्रत्येक पत्त्यात असे, आणि खरं तर तेवढीच कामाची असे. चिंच केव्हाच पडली होती.

फार वर्षांपूर्वी कोंबडी अंड्यांवर बसली असताना तिच्या पोटाखाली कुठूनसं बदकाचं एक अंडं आलं. त्यातून चपट्या चोचीचं पिल्लू निघालं. कोंबडीने त्याचं नाव पिवळी ठेवलं आणि चोचीचा विषय कधी काढला नाही. एके दिवशी पिवळी सरळ डबक्यात चालत गेली. सगळा उकिरडा बघायला जमला. बाई, तुझी लेक बुडाली, असं शेजारणींनी फार मायेने आणि थोड्या आशेने सांगितलं. कोंबडी दिवसभर काठावर उभी राहून हाका मारत राहिली. पिवळी बुडाली नाही. मोठी झाल्यावर ती जिकडे पाणी होतं तिकडे निघून गेली, आणि यात कोणाचाच काही दोष नव्हता.

आता तिचा निरोप आला होता. एका करकोच्याने तो आणला: पिल्लं झाली आहेत, या. पुढे एक आकडा. यात कोणाला विचारायचं ते नाही का सांगितलं, असं कोंबडीने विचारलं. करकोचा नाही म्हणाला आणि उडाला. कोंबडीने त्याच दिवशी निघायचं ठरवलं. पिसं फुटली की बदकाची पिल्लं खोल पाण्यात जातात आणि मग कोणाच्या पंखाखाली येत नाहीत. तिचं स्वतःचं अंडी घालणं केव्हाच थांबलं होतं. लव असलेलं पिल्लू पोटाशी घ्यायला मिळालं तर आताच, हे तिने कोंबड्याला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

परमुलखात सूर्य भलत्याच वेळी उगवतो हे कोंबड्याला माहीत नव्हतं. तो आपल्या गावच्या वेळेला आरवला तेव्हा तिथे भरदुपार होती. जाग कोणालाच आली नाही, कारण सगळे जागेच होते. त्या दिवसापासून त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला आणि तो सगळाच्या सगळा वेशीवर मिळालेल्या साळुंकीवर जाऊन बसला. काठी पंखाखाली धरून तो ती सांगेल तिकडे वळू लागला. एकदा तिने त्यांना गळ्यापर्यंत तळ्यात नेलं. तळं नवीन होतं, असं तिने नंतर सांगितलं.

एका फाट्यावर बगळा उभा होता.

"अहो, त्याला विचारू का?" कोंबडी म्हणाली.

"विचारायला आपण काय वाट चुकलोय?"

"चुकल्यावरच विचारायचं असतं होय? सहज विचारावं. कोण, कुठले, मुलंबाळं किती."

"अगं, तो कामात आहे."

बगळा एका पायावर उभा होता. कोंबडीने विचारलंच. आकडा ऐकून बगळा म्हणाला की तो हाच, आपणही त्यातच राहतो. मग लांबून आलेली एक बदकीण इथे कुठे राहते, लहानपणी पिवळी होती, असं तिने विचारल्यावर मात्र त्याने बराच वेळ विचार केला.

"आकडा एक आहे," तो म्हणाला. "ओळख असायचं काही कारण नाही." आणि त्याने पाय बदलला.

थोड्या वेळाने खुंट आला. "आपण पोहोचलात," असं म्हणून साळुंकीने डोळे मिटले.

कोंबड्याने खुंटाला एक प्रदक्षिणा घातली. चहूकडे लव्हाळे होते आणि पाणी होतं. त्याने तुरा सारखा केला आणि कोणीतरी सामोरं येणार असल्यासारखा तो ताठ उभा राहिला. कोणी आलं नाही. ऊन उतरलं, वारा सुटला.

"बाहेर गेली असेल," तो म्हणाला. "जागा बरोबर आहे."

"जागा बरोबर आहे हो. लेक नाहीये तिथं."

मग तो हळूच म्हणाला, "त्या करकोच्याला मी नीट विचारून घ्यायला हवं होतं."

"तुम्ही कधी कोणाला विचारलंय," कोंबडी म्हणाली, आणि वारा येत होता त्या अंगाला त्याला टेकून बसली.

मग ती उठली आणि खुंट सोडून बांधावरून चालू लागली. कोंबडा काठी घेऊन मागे निघाला. साळुंकीने डोळे उघडून मागे वळायला सांगितलं, पण त्याने या वेळी ऐकलं नाही. लव्हाळे दाट होते तिथे थांबून कोंबडीने माती उकरली. निघाला तो नुसता चिखल.

कोंबडी पिल्लांना हाक मारते ती दाणा सापडल्यावरच. रिकामी हाक मारू नये, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं आणि तिने ते जन्मभर पाळलं होतं. तिने एकदा चिखलाकडे पाहिलं, मान वर केली आणि हाक मारली. मग पुन्हा मारली. कोंबड्याला समजलं. त्याने काठी चिखलात रोवली आणि दुसरीकडे पाहिलं.

लव्हाळे हलले. एक थोराड बदकीण घाईघाईने पाण्यातून वर आली आणि कोणाच्या तोंडाकडे न बघता तिने कोंबडीच्या पायांशी मान खाली घातली.

"कुठाय दाणा?"

"नाहीये गं," कोंबडी म्हणाली. "खोटी हाक मारली."

पिवळीने वर पाहिलं. तिने आपली मान कोंबडीच्या मानेला लावली आणि तशीच उभी राहिली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून कोंबड्याने सांगितलं की ते मघापासून खुंटाशी वाट बघत होते. "कुठला खुंट, बाबा?" पिवळीने विचारलं. इतकी वर्षं ती हाकेच्या अंतरावर राहत होती, पण आपल्या पत्त्यावर जायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

तिच्यामागून पिल्लं वर आली, ओली आणि अजून लवेतली. आजीच्या टोकदार चोचीकडे त्यांनी संशयाने पाहिलं. कोंबडी खाली बसली आणि तिने एक पंख उघडला. एक पिल्लू आत गेलं. ते बाहेर येईना, तेव्हा बाकीचीही गेली.

"आपण वाट सोडली आहे," काठीवरून साळुंकी म्हणाली. "मागे वळा."

कोणी वळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. वाऱ्याने तिची पिसं विस्कटत होती. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज कापला. थोड्या वेळाने ती काठीवरून उतरली, चिखलातून पायी चालत आली आणि कोंबडीसमोर उभी राहिली.

"जागा आहे का?" तिने विचारलं.

आतल्यांची झोप मोडू न देता कोंबडीने दुसरा पंख उचलला.