पाठ केलेला उतार

सागाच्या एका जंगलात प्राण्यांच्या पिल्लांची शाळा भरत असे. शिकवायला होते एक म्हातारे सांबर. पिल्ले त्यांना गुरुजी म्हणत. जंगलात जिवंत कसे राहायचे, एवढा एकच विषय. पण त्याचे नियम चाळीस आणि परीक्षा कडक. पहिला नंबर कायम सशाचा. पाठांतरात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. वर्गात शिकवलेले तो बिळात जाऊन एकटाच घोकायचा आणि कुणी काही विचारलेच, तर आपल्यालाही येत नाही असे सांगून मोकळा व्हायचा. तुमच्याही वर्गात असा एखादा असेलच, वहीवर आडवा हात धरून लिहिणारा.

वर्गात आणखी तिघे होते : भेकराचे पाडस, मुंगूस आणि कासव. परीक्षा आठवड्यावर आली, तसे हे तिघे रोज सकाळी जांभळाखाली जमू लागले. एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे आणि तिसऱ्याने चूक काढायची, अशी त्यांची पद्धत. आता खरे सांगायचे तर त्यात अभ्यास कमी आणि भांडणे जास्त. सशाला ते लांबून ऐकू यायचे आणि हसू यायचे.

एके दिवशी विसाव्या नियमावरून जुंपली. नियम असा होता : धूर दिसला की उतार गाठायचा आणि मागे वळून पाहायचे नाही. मुंगसाने सांगितले, की उतार म्हणजे पूर्वेकडची ती घळ, जमीन खाली उतरत जाते तीच. कासव नदीकाठचे. त्याला हे पटेना. नदीचे पाणी जिथे उथळ असते आणि जिथून चालत पलीकडे जाता येते, त्या जागेला त्याच्या घरी उतार म्हणत. दोघेही मागे हटेनात, म्हणून पाडस त्यांना गुरुजींकडे घेऊन गेले. गुरुजी ऐकून गंभीर झाले. कासवाचेच बरोबर होते. घळ वाळक्या बांबूंनी भरलेली आणि पलीकडून बंद; वणव्यात तिकडे जाणे म्हणजे चुलीत उडी मारणे. या शब्दाचा कुणी दुसरा अर्थ लावील, हे त्यांच्या कधी मनातच आले नव्हते. सशालाही हे सांगा, असे त्यांनी तिघांना बजावले.

परतताना मुंगूस मुद्दाम सशाच्या बिळावरून गेले. विसाव्या नियमाबद्दल एक सांगायचे आहे, असे ते म्हणते न म्हणते, तोच ससा आतूनच म्हणाला, "मला चाळीसच्या चाळीस पाठ आहेत. तुमचं तुम्ही बघा." मुंगसाला राग आला आणि ते निघून गेले. ते थोडे थांबले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी जंगलाच्या दक्षिणेला धूर दिसला. बघता बघता वारा सुटला आणि वाळलेल्या पाचोळ्यावरून आग सरसर पुढे येऊ लागली. सगळे प्राणी पश्चिमेला, नदीकडे धावले. ससा बिळाबाहेर आला तो धुरातच. त्याला कुणी दिसले नाही, पण तो गांगरला नाही. नियम तोंडपाठ होता. धूर दिसला की उतार गाठायचा. तो पूर्वेला वळला आणि घळीत उतरला.

घळीत पाऊल बुडेल एवढा पाचोळा होता. निम्म्या वाटेवर समोरूनच धूर आला. सशाला शंका आली, पण मागे वळून पाहायचे नाही, असेही नियमात होते. म्हणून तो आणखी खाली गेला. वरच्या कडेला आगीने बांबू धरले होते आणि ते एकेक करून फटाफट फुटत होते. शेवटी वाट संपली. समोर उभा कडा. ससा तिथेच उभा राहिला आणि तोच नियम पुन्हा पुन्हा म्हणू लागला. आपले कुठे चुकले, हेच त्याला कळत नव्हते.

इकडे नदीच्या उतारावर गुरुजी लहान पिल्लांना पाण्यातून पलीकडे नेत होते. ससा नाही, हे पाडसाच्या लक्षात आले. तो कुठे गेला असेल, कुणालाच सांगता येईना. मुंगूस मात्र ताडकन उठले. ते म्हणाले, "तो घळीत असणार. मीही तोच अर्थ लावला होता." एवढे बोलून ते उलट पळत सुटले आणि पाडस त्याच्या मागोमाग. गुरुजींनी हाक मारली, पण दोघे केव्हाच धुरात दिसेनासे झाले होते.

घळीच्या तोंडाशी एक बाजू पेटली होती, दुसरी अजून उरली होती. पाडस मान वर करून, धोका दिसला की भेकर भुंकते तसे, खणखणीत भुंकले. सशाने ते ऐकले, पण तो जागचा हलेना. मग मुंगूस बेंबीच्या देठापासून ओरडले, "उतार म्हणजे नदीचा उतार! वर ये!"

सशाच्या आयुष्यातला तो सगळ्यात अवघड क्षण. जे पाठ केले ते खरे मानायचे, की जे कधी ऐकूनच घेतले नाही ते? एक पेटलेला बांबू त्याच्या शेजारी कोसळला. ससा मागे वळला आणि आवाजाच्या दिशेने वर धावला. एका कानाचे टोक जळाले, मिशा होरपळल्या, पण तो बाहेर पडला. पाडसाच्या मागोमाग ते दोघेही नदीवर पोचले. पाण्यात पाय कुठे टाकायचा, हे दाखवत कासव पुढे झाले, आणि सगळे पलीकडे उतरले. थोड्याच वेळात घळीतून काळ्या धुराचा लोळ वर चढला.

सशाने अंगातले पाणी झटकले. मग त्याने मुंगसाला विचारले, की मी कुठे सापडेन हे तुला कसे कळले.

"माझी चूक चारचौघांत झाली, म्हणून ती निघाली," मुंगूस म्हणाले. "तुझी तुझ्यापाशीच राहिली."

 ससा कासवाजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "मी पहिल्या नियमापासून म्हणतो. तुम्ही तिघे ऐका, आणि चुकलो तर थांबवा."

मुलांनो, तात्पर्य एवढेच : एकट्याने घोकलेले तोंडपाठ होते, पण आपल्याला ते नीट समजले आहे की नाही, हे सोबत्यांबरोबर बसून अभ्यास केला की कळते.