चौथं चाक

"आणि हे रोज सकाळी बोनेट उघडायचंच कशाला, उस्ताद? जिला रोज डॉक्टर लागतो ती गाडी नव्हे, ती पेशंट."

उस्ताद दस्तगीर मुल्लाणी जीपच्या इंजिनातून काढलेला प्लग पॉलिश पेपरनं घासत होते.

गगनबावड्याला, घाट उतरायच्या अलीकडं, त्यांचं पत्र्याचं गॅरेज. चाळीस वर्षं तिथंच. खाली कोकणात जाणारी जुनी गाडी आधी उस्तादांच्या दारात थांबायची आणि मगच घाटाला लागायची.

विचारणारा होता अभिनंदन मगदूम. कोल्हापुरातल्या मोठ्या शोरूमचा वर्कशॉप मॅनेजर. वय बत्तीस, हाताखाली चाळीस माणसं. गाडीतल्या कुठल्या सेन्सरचं काय दुखतंय ते केबिनमध्ये बसून सांगायचा, आणि ते खरं निघायचं. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो काही फुकाचा नव्हता.

जीप त्याच्या वडिलांची, कामासाठी उस्तादांकडं आलेली. आण्णा जनावरांचे डॉक्टर. नोकरीनं या डोंगरात आले आणि निवृत्तीनंतरही असळजजवळ राहिले. एक्क्याऐंशी सालची ती जीप अजून स्वतः चालवायचे.

अभिनंदन आज बायको-मुलीला घेऊन मालवणला निघाला होता. पण वाटेत थांबला तो एका कामासाठी.

"उस्ताद, आण्णांना तुम्ही सांगा. जीप विका म्हणावं. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

उस्तादांनी प्लग उजेडात धरून बघितला.

"सांगतो की."

अभिनंदन तयारीनं आला होता. उस्ताद नाही म्हणतील, जुन्याचं कौतुक सांगतील, मग आपण काय काय बोलायचं ते त्यानं रस्ताभर घोळवलं होतं. ते सगळं जागच्या जागी राहिलं.

"सांगता?"

"डॉक्टरसाहेबांचं वय झालं. स्टेअरिंग जड हाय. ब्रेक दाबायला मांडीत जोर लागतो. मागल्या महिन्यात वळणावर दोन्ही हातांनी ओढत होते... मी बघितलं. नव्या गाडीत बसले तर मला बरंच वाटंल."

अभिनंदनला एकदम मोकळं वाटलं. जिंकल्यासारखंही वाटलं. आणि जिंकलेला माणूस गप्प बसत नाही.

"चला, माझी गाडी दाखवतो."

बाहेर करड्या रंगाची नवी गाडी उभी होती. पुढच्या सीटवर त्रिशला, मागे चार वर्षांची लेक झोपलेली.

"सात महिने झाले घेऊन, उस्ताद. नऊ हजार किलोमीटर. बोनेट एकदाही उघडलेलं नाही. गरजच नाही. काही बिघडलं तर तीच सांगते."

"आज काय सांगती?"

"थांबा." त्यानं डिकीतून स्कॅनर आणला, स्टेअरिंगखाली जोडला. पडद्यावर यादी सरकत गेली. इंजिन, गिअर, ब्रेक, एअरबॅग... सगळ्यांपुढं हिरवी खूण.

"एकही दोष नाही."

उस्तादांनी खिशातून चष्मा काढला. यादी वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली. चष्मा परत ठेवला.

"चांगलं मशीन हाय."

मग ते गाडीभोवती फिरायला लागले. पुढच्या उजव्या चाकाजवळ वाकले, तळहात चाकापासून चार बोटांवर धरला. उठले. पुढचं डावं. पुन्हा तसंच. मागचं उजवं. तापानं झोपलेल्या पोरांच्या कपाळाजवळ हात न्यावा तसं.

मागच्या डाव्या चाकापाशी ते जरा जास्त वेळ बसले...

उठून गॅरेजात गेले. पंक्चर बघायच्या टाकीत बोटं बुडवून आले. चाकाच्या फटीतून आतल्या ब्रेकच्या डिस्कवर पाणी शिंपडलं.

चर्रर्र.

तव्यावर पाणी पडावं तसा आवाज झाला. बारीकशी वाफ वर आली.

अभिनंदननं हातातल्या स्कॅनरकडं बघितलं. हिरव्या खुणा होत्या तशाच होत्या.

"वास येतोय म्हणून मी कळे गाव सोडल्यापासून सांगत होते," त्रिशला खिडकीतून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू काच वर घे म्हणालास."

म्हणाला होता. ट्रकचा धूर असेल म्हणून काच वर घ्यायला लावली आणि एसी वाढवला. गाडी आज जरा रेटून चालवावी लागतेय, हेही पायाला कळलं होतं. समोरून वारा असेल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता त्याला पुढचा घाट दिसत होता. उतार. वळणं. आधीच तापलेला ब्रेक, त्यावर दर वळणाला पाय. आणि मागे झोपलेली लेक. तो काही अडाणी नव्हता. पुढं काय झालं असतं ते त्याच्याइतकं कोणाला कळणार?

त्यानं स्कॅनर बाजूला ठेवला.

"उस्ताद, जरा खोलून बघता?"

"मला येत न्हाई."

"काय?"

"तुझ्या गाडीचा मागला ब्रेक मोटरीवर हाय. मोटरीला मागं सर म्हणून सांगावं लागतं. ते तुझं मशीन सांगणार. मी जोर लावला तर मोडंल." उस्तादांनी पाना त्याच्या हातात दिला. "तू खोल. मी बघतो."

चाक गार व्हायला अर्धा तास गेला. मग अभिनंदननं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. सहा वर्षांत त्यानं पाना हातात धरला नव्हता. पहिला नट सोडवताना बोट सोललं. दुसरा नीट निघाला.

उस्ताद उकिडवे बसून बघत होते. अभिनंदननं स्कॅनरवर बटण दाबलं, आत मोटर कुरकुरली आणि ब्रेक सैल झाला.

"परत दाखव," उस्ताद म्हणाले.

त्यानं परत दाखवलं.

"कुठलं बटण म्हणलास?"

तिसऱ्यांदा दाखवताना अभिनंदनच्या लक्षात आलं, की सत्तरीचा हा माणूस आपल्याकडून शिकतोय आणि त्याला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. आपण मात्र गेल्या सहा वर्षांत कोणालाच 'परत दाखव' म्हणालेलो नाही.

दोष बारीकसाच निघाला. ब्रेक ज्या पिनेवर मागंपुढं सरकतो ती पिन कोरडी पडून अडकली होती. पाय उचलला तरी ब्रेक चाकाला धरूनच राहत होता. ते सांगायला तिथं कुठला सेन्सर नव्हता. कोणी बसवलाच नव्हता.

त्यानं पिन घासली, ग्रीस लावलं, ब्रेकचं पॅड निरखून बघितलं. कडेला काळवंडलं होतं, पण जाडी शाबूत होती. सगळं जोडलं. एकटाच अडीच-तीन किलोमीटर जाऊन आला आणि न सांगता चारही चाकांजवळ हात नेला. चारही सारखी.

मालवणला फोन करून त्यानं कळवलं, आज येत नाही, मुक्काम इथंच. पॅड नवीन टाकल्याशिवाय घाट उतरायचा नाही. त्रिशलानं त्याच्याकडं बघितलं आणि काच पूर्ण खाली घेतली.

तो हात धुऊन उस्तादांसमोर येऊन उभा राहिला.

"आण्णांना आता काही सांगू नका, उस्ताद. राहू दे ती जीप."

"सांगणार," उस्ताद म्हणाले. "विकाच म्हणणार. तुझं चाक तापलं म्हणून त्यांचे खांदे तरणे झाले का?"

अभिनंदनला हसू आलं. आज पहिल्यांदाच. मग ते विरलं.

"उस्ताद... मला शिकवाल? रविवारी सुट्टी असते. कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर. तासा-सव्वातासात पोचतो मी."

उस्तादांनी प्लग जीपमध्ये बसवला, हातानं आवळला, बोनेट खाली केलं.

"ये की," ते म्हणाले. "पण गावाच्या वेशीपासनं पायी ये. बंद काचेत वास कळत न्हाई."