लाव्हा येण्याआधीची झाडलोट

“...आणि बघा गुरुजी, माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. हेच वैराग्य ना?”

विचारणारा हेरंब. कोकणातून या दूरच्या बेटावर आला आणि इथलाच होऊन गेला. बंदराचं गाव. इथल्या पावसाला सुट्टी म्हणून ठाऊक नाही. गावामागे धबधबे, त्यांच्या वर ज्वालामुखी. तो आता फुटला होता आणि लाव्हा हळूहळू मठाकडे सरकत होता. संध्याकाळपर्यंत मठ जाणार, हे नक्की.

हा मठ हेरंबानं स्वतःच्या हातांनी बांधला होता.

वृद्ध भिक्खू ताइगेन ओसरी झाडत होते. लाव्हा दाराशी आला की इथली माणसं घर झाडतात, धुतात आणि दार उघडं ठेवून निघतात. मळक्या घराला निरोप द्यायचा नाही, अशी रीत.

ताइगेन झाडत होते आणि रडत होते. अगदी उघड.

हेरंबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सामान हलवायला आलेलं सगळं गाव बघत होतं.

“गुरुजी... तुम्हालाही मोह?”

“माझं घर आहे रे.” ताइगेनांनी बाहीला नाक पुसलं. “तू उंबरा धू.”

हेरंब गुडघ्यांवर बसला. बादलीतलं तांब्याभर पाणी त्यानं उंबऱ्यावर ओतलं.

पाणी बाहेर गेलं नाही. आत वळलं.

तो थबकला. उतार चुकला होता, आणि उंबरा बसवला होता त्यानंच.

मग एवढ्या पावसात खोली कोरडी कशी राहिली?

रोज पहाटे फडकं घेऊन इथं बसलेले गुरुजी त्याला आठवले. त्याला तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा. मनातल्या मनात तो हसायचासुद्धा.

“तुम्ही... कधी बोलला नाहीत.”

“तू किती हौसेनं बसवला होतास.”

हेरंबाच्या हातातला तांब्या खाली पडला. तो उंबऱ्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडू लागला. बिचारा! इतकी वर्षं कोंडलेलं सगळंच बाहेर आलं.

ताइगेन शेजारी बसून राहिले. पाठीवर हात ठेवून.

बऱ्याच वेळानं हेरंब म्हणाला, “गुरुजी, माझी सगळी साधना वाहून गेली.”

“जाऊ दे,” ताइगेन म्हणाले. “ती बादली इकडे सरकव.”