सुगरण आणि तुतीचा चुरा

फार पूर्वी, डोंगराला अजून गावाची भीड वाटायची आणि तो जरा अंतर राखूनच उभा असायचा त्या काळी, एका गावात एक सुगरण राहत होती.

सारण भरून कुठलाही पदार्थ बंद करावा तो तिनंच. तिची करंजी कधी कढईत उकलली नाही, की तिच्या मोदकाचं सारण कधी वाफेत सांडलं नाही. एकदा म्हणे तिची एक करंजी ओढ्यात पडली आणि वाहत वाहत थेट समुद्राला जाऊन मिळाली. एका कोळ्यानं ती जाळ्यातून काढून फोडली, तेव्हा आतलं खोबरं कोरडं ठणठणीत होतं. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं त्या कोळ्याला विचारावं.

माणसांच्या बाबतीतही तिची हीच रीत होती. कोणाचं पोर पडलं, कोणाची म्हैस दगावली, कोणाची लेक सासरी निघाली की सुगरण धावत जायची. पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "झालं ना? संपलं. आता रडायचं नाही." आणि काय सांगावं, समोरचा खरंच गप्प व्हायचा. गावाला वाटे, हिच्या हाताला गुण आहे.

तिचा थोरला भाऊ गावाबाहेर भट्टी चालवायचा. पाव भाजायचा, नानकटाई भाजायचा. त्याच्या नानकटाईचा वास सुटला की डोंगरावरची माकडंसुद्धा पंगत धरून बसायची. भट्टीच्या मागं तुतीचं एक मोठं झाड होतं, भावानंच लावलेलं.

एके दिवशी तो भाऊ भट्टीसमोर बसल्या बसल्या गेला. हातात पाव ओढायचं फावडं तसंच होतं.

सुगरण धावली. तिनं सगळं हातात घेतलं. आल्यागेल्याचं पाहिलं, शेजारून आलेली पिठलं-भाकरी सगळ्यांना वाढली, पोरांना निजवलं. वहिनीनं हंबरडा फोडला, तशी तिनं तिला छातीशी घट्ट धरलं आणि कानात सांगितलं, "वहिनी, नाही. रडायचं नाही. लोक बघताहेत, लेकरं बघताहेत. आवरा."

वहिनीनं आवरलं, आणि इतकं आवरलं की पुढं ती बोलेचना. भिंतीला टेकून बसायची. दिलेलं पाणी प्यायची, दिलेला घास हातात धरून ठेवायची आणि थोड्या वेळानं ताटात परत ठेवायची. सुगरण स्वतःही रडली नव्हती. तिला सवड कुठं होती?

त्या गावची चाल अशी होती की दुखवट्याचे दिवस सरले की त्या घरातल्या बाईनं गोडाचा एक घास खायचा. तो खाल्ला की दुखवटा निघाला. तो दिवस आला. सुगरणीनं पुरणपोळी केली, वहिनीनं मान फिरवली. दुसऱ्या दिवशी श्रीखंड झालं, मग बासुंदी झाली. सगळ्यांपुढं मान फिरलेलीच.

वैद्यबुवा आले. नाडी धरून बराच वेळ बसले आणि बाहेर येऊन सुगरणीला म्हणाले, "बाई, दुखवट्याचं राहू द्या. ही बाई अन्नावाचून विझत चालली आहे. माझ्या बटव्यात यावरची मुळी नाही. तिच्या पोटात काही जाईल असं बघा, नाहीतर या घरावर दुसरा दुखवटा येईल."

सुगरण आत गेली. वहिनीसमोर जमिनीवर बसली. "वहिनी, काहीही सांगा. आकाशातलं मागा, मी शिडी लावते. काय खाल?"

वहिनीचे ओठ हलले. "हे करायचे ते."

सुगरणीला कळलं. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, भट्टीतला विस्तव ओढून घेतल्यावर नुसती धग उरायची. तेव्हा तिचा भाऊ मातीच्या परळात तुती पसरायचा, वर गूळ किसायचा, त्यावर नानकटाईच्या पिठाचा चुरा घालायचा आणि परळ आत सरकवायचा. खाली आंबटगोड तुती, वर खरपूस चुरा. विकायला नव्हे, घरी खायला. सुगरणीनं तो तुतीचा चुरा खूपदा खाल्ला होता, केला मात्र कधीच नव्हता. चुऱ्यात काय करायचंय, असं तिला वाटे.

तिनं झाडाखाली चादर धरून तुती झोडपली. हंगाम सरत आला होता. बरीचशी तुती पाखरांनी नेली होती, उरलेली पडली. वरच्या शेंड्याला तेवढी थोडी लोंबत राहिली. भट्टी पेटवली. कणीक, तूप, साखर कथरोटीत घेतली आणि तिचे हात कामाला लागले. जन्मभर मळणारे हात ते! त्यांनी पीठ मळलं, तळव्यानं रगडलं, मऊसूत गोळा केला, लाटला. तो तिनं तुतीवर अंथरला आणि परळाच्या कडेला बोटांनी अशी मुरड घातली की वारासुद्धा दार ठोठावून परत गेला असता.

"आता कशी सांडतेस बघू," ती तुतीला म्हणाली.

परळ धगीत गेलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग वरची पारी फुगली. आणखी फुगली. आत रस खदखदत होता आणि त्याला जायला जागा नव्हती. आणि मग फाडकन आवाज झाला. परळ मधोमध तडकलं, जांभळा रस भट्टीच्या तळावर सांडला आणि काळा धूर गावभर पसरला.

कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "अगं बाई, सुगरणीच्या हातचं फुटलं? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

सुगरणीला ते ऐकूही आलं नाही. ती खापराचे तुकडे बघत उभी होती. भावाच्या झाडाची तुती राखेत गेली होती.

"वन्सं," मागून हाक आली.

दाराच्या चौकटीला धरून वहिनी उभी होती. धुराचा वास घेऊन ती उठली होती. जन्म भट्टीवर गेलेला, करपल्याचा वास तिला बसू देईना.

"वन्सं, तुम्ही वाट ठेवली नाहीत."

"कसली वाट?"

"रसाला. वाफेला. ते मळायचं नसतं हो. तूप थिजलेलं घ्यायचं, पिठाला नुसतं बोटांच्या टोकांनी चोळायचं. चुरा झाला की हात काढून घ्यायचा."  मग वहिनी हळूच म्हणाली, "हे म्हणायचे, चोळणं कोणालाही जमतं, हात काढून घेणं जमत नाही."

 सुगरणीनं शिडी आणली, पदर खोचला आणि शेंड्यापर्यंत चढली. शेंड्याला राहिलेली तेवढीच तुती आता उरली होती. खाली वहिनी चादरीचं टोक धरून उभी राहिली.

दुसऱ्या परळात तुती पसरली, वर गूळ किसला. या वेळी तूप थिजलेलं होतं. सुगरण बोटांच्या टोकांनी चोळू लागली. पिठाचे रवाळ खडे झाले, काही बारीक, काही वाटाण्याएवढे. तिचे तळवे शिवशिवायला लागले. एकदाच दाबावं, एकदाच सारखं करावं, हे असलं विस्कटलेलं कोणासमोर ठेवायचं! तिनं दोन्ही हात उचलले आणि पाठीमागं धरले.

"आता भुरभुरा," वहिनी म्हणाली. "दाबू नका."

परळ धगीत गेलं. दोघी भट्टीच्या तोंडाशी बसल्या. आत बघत राहिल्या.

हळूहळू चुरा बदामी झाला. मग एका कोपऱ्यात, दोन खड्यांच्या मधून, जांभळ्या रसाचा एक बुडबुडा वर आला, फुटला, आणि तिथं एक गडद डाग पडला. मग दुसरीकडं आला. मग जागोजागी. सगळं परळ श्वास घेतल्यासारखं वरखाली होऊ लागलं.

"असंच," वहिनी म्हणाली. "असंच व्हायचं त्यांचं." आणि तिचा आवाज फुटला. इतके दिवस आत कोंडलेलं रडं पोटातून उसळून बाहेर आलं. कुंपणापलीकडची शेजारीण हातातलं सूप घेऊन तशीच थबकली.

सुगरणीचा हात सवयीनं वहिनीच्या पाठीकडं गेला. ओठांवर ते शब्दही आले, झालं ना, संपलं. जन्मभर कामी आलेले शब्द. एकदा म्हटले असते की वहिनी गप्प झाली असती, हेही तिला ठाऊक होतं.

तिनं ओठ मिटले आणि हात आपल्याच मांडीवर ठेवून नुसती शेजारी बसून राहिली.

वहिनी रडत राहिली. रडता रडता बोलू लागली. त्या दिवशी ते सकाळी चहा न घेताच भट्टीवर गेले, ती रागावली होती, तिनं हाक मारली नाही. सुगरण ऐकत होती. आणि ऐकता ऐकता तिला लहानपणीचा दादा दिसला, आपल्या वाटणीची नानकटाई तिच्या परकराच्या ओच्यात टाकणारा. तिच्या तोंडून "दादा रे" एवढंच निघालं, आणि मग तिलाही आवरेना.

"चुरा!" वहिनी एकदम डोळे पुसत उठली. "करपेल, वन्सं!"

करपला नव्हता. तिनं स्वतः परळ बाहेर ओढलं. निवायची वाट न पाहता चमच्यानं एक घास उचलला, फुंकला आणि तोंडात घातला. सुगरण श्वास रोखून बघत होती.

"गूळ कमी झालाय," वहिनी म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

"दादाला आंबटच लागायचा."

"लागायचा. मला नाही लागायचा. दर वेळी भांडायचो." वहिनीनं चमचा सुगरणीपुढं धरला. "घ्या. तुम्हीही कुठं जेवलात इतके दिवस!"

त्या संध्याकाळी दोघींनी परळ चाटूनपुसून संपवलं. मध्येच वासानं राहवेना म्हणून शेजारीणही वाटी घेऊन आली, आणि गूळ कमी आहे असं म्हणत दोनदा वाढून घेऊन गेली.

तात्पर्य: दुःखी माणसावर माया घालावी ती भुरभुरून. दाबून बसवलेल्या मायेखाली दुःख निवत नाही, ते भांडं फोडतं.