‘अ’ उमटेना

उदगीरच्या कुमुदताई उटगे शिकायचं राहून गेलेल्या बायकांचा वर्ग चालवत. त्यांच्यासाठी वाचनाचं पुस्तक तयार करून वर्गात पडद्यावर दाखवायला ताईंनी नवा लॅपटॉप घेतला, पण त्यावर ‘अ’ काही केल्या उमटेना. मग वर्गातल्या अनसूयाबाईंना सोबत घेऊन त्या थेट दुकानात गेल्या.

दुकानदार बिरादारशेठ भरल्या दुकानात हसले. “ताई, एका अक्षरानं काय अडतं? बाकीची चालतात ना! एवढ्यासाठी कोणी लॅपटॉप बदलून देत नसतं.”

“अहो, आमच्या पुस्तकाचं पहिलंच अक्षर आहे ते.”

“मग दुसऱ्यापासून सुरू करा!”

गिऱ्हाइकं हसली. अनसूयाबाईंनी मान खाली घातली. कुमुदताई मात्र शांतपणे म्हणाल्या, “ठीक आहे. नकार लेखी द्या. याच लॅपटॉपवर ‘तक्रार अमान्य’ एवढंच लिहा, मी निघते.”

“त्यात काय!” शेठनी पडद्याकडे न बघताच ऐटीत बटणं बडवली आणि लॅपटॉप पुढे सरकवला.

ताईंनी तो अनसूयाबाईंसमोर धरला. “वाचा बरं, मोठ्यानं.”

साठी उलटलेल्या अनसूयाबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं, “तक्रार... मान्य!”

दुकानात हशा पिकला. शेठनी वाकून पाहिलं आणि तेही ओशाळून हसले. “हरलो, ताई. हवा तो घ्या.”

“मी नाही, या निवडतील,” ताई अभिमानानं म्हणाल्या.

अनसूयाबाईंनी मांडलेले सगळे लॅपटॉप निरखले, एकावर आपलं नाव लिहून पाहिलं आणि ताठ मानेनं सांगितलं, “ह्यो द्या. ह्यातलं अक्षर मागं बसल्याल्या बायांनाबी दिसंल.”